पायरीनंतर

(दृश्य: सिंहगड रस्त्याच्या आतली एक गल्ली. डिसेंबर. अजून उजाडायचं आहे.)

सकाळचे 6 वाजून 40 मिनिटं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सोसायटीच्या फाटकावरचा दिवा अजून चालू आहे. स्वेटर, कानटोपी, पाठीपेक्षा रुंद दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. आठ-दहा मुलं, आणि त्यांच्याहून जास्त पेंगुळलेले त्यांचे आईबाप.

पिवळी बस वळणावरून येते, थांबते, दार उघडतं. आता बसकडे बघू नका. बस आणि फुटपाथ यांच्या मधे जेमतेम दोन हात जागा उरलीय, तिकडे बघा.

(दृश्य: त्या फटीतून एक स्कूटर सुसाट निघून जाते.)

गेला. हेल्मेट नाही, हॉर्न मात्र सणसणीत. पहिल्या पायरीवर पाय ठेवलेल्या मुलीला बसमधल्या मावशींनी दंडाला धरून मागे ओढलं, म्हणून फक्त बाटली पडली. मुलीनं ती उचलली आणि ती बसमध्ये चढली. कुणी काही बोललं नाही. रोजचंच असावं.

शाळेच्या बसचा अपघात म्हटलं की डोळ्यांसमोर उलटलेली बस येते. तशा बसही या कहाणीत येतील. पण महिनाभर आम्ही या गाड्यांमागे फिरलो आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा याच जागी येऊन थांबला. पायरीच्या खाली. मूल बसमधून उतरतं तिथपासून घरच्या माणसाचा हात धरतं तिथपर्यंत. मोजून दहा पावलं.

(दृश्य: गॅरेजमध्ये उभी असलेली रिकामी बस. चालकाच्या आसनावरून दिसणारी समोरची काच.)

धायरीच्या एका गॅरेजमध्ये आम्ही साधा प्रयोग केला. बस उभी, इंजिन बंद. पहिलीतलं मूल साधारण 115 सेंटिमीटर उंचीचं असतं. तेवढ्या उंचीचं एक प्लास्टिकचं पिंप घेतलं, त्याला दप्तर अडकवलं आणि बंपरला अगदी खेटून उभं केलं. मग मी चालकाच्या जागेवर बसलो.

समोर रस्ता दिसला, समोरचं झाड दिसलं, चहाची टपरी दिसली. पिंप दिसलं नाही. डोळे उंचावर, मधे डॅशबोर्ड, त्याखाली पत्रा. मान पुढे काढून काचेला नाक लावलं तेव्हा कुठे दप्तराची वरची कड दिसली. सकाळच्या घाईत, मागून हॉर्न वाजत असताना, अशी मान कोण काढणार?

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि दार डावीकडे असतं. मूल डावीकडे उतरतं. घर पलीकडे असेल तर ते बसच्या पुढून वळून रस्ता ओलांडायला निघतं, म्हणजे आमचं पिंप जिथे होतं नेमकं तिथून जातं. तिथून सुटलं की बसच्या आडोशातून एकदम उघड्यावर येतं. ओव्हरटेक करणाऱ्याला मूल दिसत नाही, मुलाला ओव्हरटेक करणारा दिसत नाही.

अमेरिकेत या गोष्टीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. तिथल्या नोंदी सांगतात की शाळेच्या बसशी संबंधित अपघातांत बसमध्ये बसलेल्या मुलांपेक्षा बसबाहेर पायी असलेली मुलं जास्त दगावतात. काही तर स्वतःच्याच बसखाली. म्हणून तिथे बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्या आणि साधारणपणे समोरच्याही गाड्यांना थांबावंच लागतं. आपल्याकडे बस थांबली की मागचा हॉर्न वाजवतो. तिचा पिवळा रंगही तिकडचाच. 1939 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत तो ठरला, कारण पहाटेच्या अर्धवट उजेडात त्यावरची काळी अक्षरं लवकर वाचता येतात. रंग आपल्याकडे आला, थांबायची सवय यायची राहिली.

(दृश्य: वेताळ टेकडी. पहाटे फिरायला आलेली माणसं. मागे एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेचं कुंपण.)

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. शाळेच्या बसची रचना कशी असावी याचं भारतीय मानक आहे, एआयएस-063. ते प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था इथेच, वेताळ टेकडीवर आहे. रोज तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जाणाऱ्या काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आमच्या नातवाची बस का तशी नाही?"

1997 च्या नोव्हेंबरात दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. दोन डझनांहून अधिक मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं जे निर्देश दिले, ते आजही प्रत्येक पिवळ्या बसवर वाचता येतात: पुढे-मागे 'स्कूल बस' ही अक्षरं, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, शाळेचं नाव आणि फोन, ताशी 40 किलोमीटरवर अडणारा वेगनियंत्रक, पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक. आणि गाडीत मुलांसोबत एक परिचर.

महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्कूल बससाठी स्वतःचे नियम केले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी हवा, वाहतूक पोलीस आणि आरटीओचा माणूस हवा. बसमध्ये मुली असतील तर परिचर महिला हवी. आपल्या शाळेच्या या समितीत पालकांतर्फे कोण आहे, हे आम्ही फाटकाबाहेर उभ्या पालकांना विचारलं. बहुतेकांनी विचारलं, "कुठली समिती?"

(दृश्य: दिवे घाट. वर चढणाऱ्या रिकाम्या पिवळ्या बस.)

मे संपत आला की पासिंगची गडबड सुरू होते. 15 जूनला शाळा उघडायच्या आत गाडी तपासून घ्यायची असते. दिवे घाट चढून गेलं की आरटीओचा चाचणी मार्ग आहे. ब्रेक तपासायला 250 मीटरचा मार्ग हवाच, असं मुंबई उच्च न्यायालयानं बजावलं. ती याचिका पुण्यातल्याच एका नागरिकाची. एकट्या माणसाच्या चिकाटीचं हे मोठं काम आहे, फारसं कुणाला माहीत नसलेलं.

पासिंगच्या दिवशी गाडी नवरीसारखी सजते. अग्निशामक चकचकीत, पेटीत ताजी मलमपट्टी. एका गॅरेजवाल्यानं हसत हसत सांगितलं, "ती लाल नळकांडी फिरतीवर असतात हो." सगळ्यांचीच असतात असं तो म्हणाला नाही, आम्हीही म्हणत नाही. 2024 च्या एप्रिलात हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यातल्या कनिना इथे, ईदच्या सुट्टीच्या दिवशी शाळा भरवली होती. बस उलटली, सहा मुलं गेली. चालक दारू प्यायलेला होता. त्या बसचं फिटनेस प्रमाणपत्र 2018 सालीच संपलेलं होतं. सहा वर्षं ती गाडी रोज कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोरून गेली असणार.

(दृश्य: शनिवार पेठेतली अरुंद गल्ली. रिक्षा. दोन्ही बाजूंना लटकलेली दप्तरं.)

पण पुण्यातली सगळी मुलं बसनं जात नाहीत. पेठेतल्या या गल्लीत बस शिरणारच नाही. इथे राज्य रिक्षाकाकांचं आणि व्हॅनकाकांचं.

चालकाच्या पाठीमागे, मुलांच्या गुडघ्यांना टेकेल अशी एक आडवी फळी. आरटीओच्या कुठल्याही कागदावर नसलेली ही फळी पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी वापरलीय. मीही तिच्यावर बसून शाळेत गेलोय, आणि कबूल करतो, ती जागा मिळावी म्हणून भांडलोय.

रिक्षाकाकांवर पालकांचा विश्वास असतो तो उगाच नाही. कुणाला उलटी होते, कुणाचा डबा रिक्षात राहतो, कुणाच्या घरी आजी आजारी आहे, हे सगळं त्यांना पाठ. मूल खाली आलं नाही तर ते तीन जिने चढून वर जातात. आम्ही ज्यांच्याबरोबर फिरलो ते काका तसेच वर गेले. अडीच मिनिटं लागली. तेवढा वेळ खाली रिक्षात सहा मुलं होती, चालू रस्त्यावर, एकही मोठं माणूस जवळ नसताना. काका परत आले तेव्हा त्यातलं एक हँडल धरून घर्रघर्र आवाज काढत होतं. चावी काकांच्या खिशात होती, एवढं नशीब.

व्हॅनची गोष्ट याच अंगानं जाते. शाळेच्या व्हॅन म्हणून ज्या ओम्नी गाड्या आपण ओळखतो, त्यांचं उत्पादन नव्या सुरक्षा निकषांमुळे 2019 मध्ये थांबलं. ओम्नीला नाकच नव्हतं. पुढच्या सीटवरच्या मुलाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्या मधे म्हटलं तर एक पत्रा. मागे गॅसची टाकी, टाकीवर सतरंजी, सतरंजीवर मुलं. नव्या व्हॅन आल्या, पण गाडीतली मोठी माणसं तेवढीच राहिली. एकच. चालक.

2024 मध्ये वानवडीत शाळेच्या व्हॅनमध्ये चालकानंच दोन चिमुकल्यांवर अत्याचार केल्याचं उघड झालं आणि शहर हादरलं. त्या दिवसांत महिला परिचर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मग हिशेब समोर आला. आठ-दहा मुलांच्या फीमध्ये गाडीचा हप्ता, गॅस, विमा, आणि वर एका बाईचा पगार. व्हॅनवाल्यांनी फी वाढवायची म्हटलं, पालकांनी मान हलवली. मान आडवी हलली.

(दृश्य: बसच्या दारात उभ्या मावशी. हातात मुलांची यादी.)

ज्या बसमध्ये मावशी आहेत, तिथे आता बघा.

या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. पहाटे चारला उठतात. स्वतःच्या मुलाला शाळेत सोडायला त्यांना वेळ नाही, तो एकटा चालत जातो. बस थांबली की सगळ्यांत आधी मावशी उतरतात. आधी मागे बघतात, डावीकडून कुणी घुसतंय का. हात आडवा करतात. मग पहिलं मूल. ज्याचं घर पलीकडे त्याला स्वतः रस्ता ओलांडून देतात, परत येतात, मुंडकी मोजतात, आणि पत्र्यावर दोन थापा मारतात. एसटीच्या कंडक्टरची घंटा असते तशी, दोन म्हणजे चल. त्या दोन थापा ऐकल्याशिवाय चालकानं ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, असं दोघांचं ठरलंय. कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

हे त्यांना कुणी शिकवलं? "कुणी नाही. एकदा जिवावरचं टळलं, तेव्हापासून." त्यापुढे त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

शेवटच्या थांब्यानंतर मावशी बसच्या मागच्या सीटपर्यंत चालत जातात, सीटखाली वाकून बघतात. 2022 च्या सप्टेंबरात कतारमध्ये चार वर्षांची एक भारतीय मुलगी बसमध्येच झोपली, बस बंद करून उभी केली गेली, आणि उन्हानं ती गेली. तिचा वाढदिवस होता. परदेशात काही बसमध्ये अगदी मागे एक बटण असतं. इंजिन बंद केलं की भोंगा वाजतो आणि मागे जाऊन ते बटण दाबल्याशिवाय थांबत नाही. तंत्रज्ञान एवढंच: माणसाला मागच्या सीटपर्यंत चालायला लावायचं.

(दृश्य: रेल्वे फाटक. जाणारी गाडी.)

2014 मध्ये तेलंगणात मासाईपेठला शाळेची बस रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर आली आणि नांदेडची पॅसेंजर तिच्यावर आदळली. 2018 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनचं तेच, तेरा मुलं. लोक चालकाला बोलले, त्याच्या कानातल्या इयरफोनला बोलले. रेल्वेनं मात्र 2019 च्या सुरुवातीपर्यंत ब्रॉडगेजवरची अशी सगळी बिनरखवालीची फाटकंच काढून टाकली. कुठे पूल बांधला, कुठे माणूस बसवला. चालक बेसावध असणारच, हे धरून जागा बदलली.

आपल्या दहा पावलांच्या बाबतीत तशी जागा आहे का? आहे. कितीतरी सोसायट्यांच्या आत ऐसपैस मोकळं आवार आहे. बस आत आली, वळली, मुलं आतच उतरली, तर रस्ता ओलांडायचा प्रश्नच उरत नाही. आम्ही विचारायला गेलो, तर फाटकावर पाटी होती.

(दृश्य: पाटी.)

'स्कूल बसेसना आत प्रवेश नाही. पेव्हर ब्लॉक खचतात.'

खाली, हुकमावरून.

(दृश्य: तीच गल्ली. दुपारचे दीड.)

दुपारी बस परत येते. ऊन. पलीकडच्या बाजूला गुलमोहर आहे, त्याची सावली फाटकाच्या समोर पडते, म्हणून एक आजी रोज तिथे उभ्या असतात. त्यांना पाहिलं की नातू धावत सुटतो. पहिल्या दिवशी आम्ही ते चित्रित केलं. दुसऱ्या दिवशीही. तो धावतो कारण आजी पलीकडे आहेत, आणि आजी पलीकडे आहेत कारण तिथे सावली आहे.

तिसऱ्या दिवशी मावशींनी आजींना काहीतरी सांगितलं. आमचा माईक लांब होता, शब्द आले नाहीत.

आज आजी अलीकडे आल्यात. फाटकाला टेकून, डोक्यावर पदर, हातात छत्री. दार उघडलं. मावशी उतरल्या, हात आडवा केला. नातू पायरीवर आला आणि सवयीनं गुलमोहराकडे बघू लागला.

"अरे, इकडे," आजी म्हणाल्या.

दोन थापा.