धोटा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आबांच्या लालबागच्या खोलीत, देवाच्या फळीखाली, एक धोटा असायचा. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. दोन्ही टोकांना लोखंड, आणि लाकूड हाताळून हाताळून काळं, गुळगुळीत झालेलं. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि कडेला बारीकसं भोक असतं. कांडी संपली की साचा, म्हणजे गिरणीतला माग, थांबवायचा, नवी कांडी घालायची, भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा बाहेर येतो, त्याच्याबरोबर कापसाची तुसंही घशात जातात. आबांनी आयुष्यभर हे केलं. म्हातारपणी त्यांचा खोकला आम्हाला जिन्यात ऐकू यायचा.

मुंबईच्या गिरणी कामगाराबद्दल बोलायचं तर मला या धोट्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

कावसजी दावरांची पहिली गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. दिवस उजाडला की काम सुरू, मावळला की बंद. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही, पगार कधी होईल त्याचा नेम नाही. या माणसांच्या बाजूने पहिल्यांदा नेटाने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. बस, एवढंच! आणि यातली सुट्टी पदरात पडायला सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 10 जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. ते आपण शाळेत शिकलो आहोत. मला सांगायचंय ते 1928 चं.

दोन साचे चालवणाऱ्याने आता तीन चालवावेत, असा मालकांचा बेत होता. माणसं कमी होणार, उरलेल्यांच्या अंगावर काम वाढणार. एप्रिलमध्ये संप पेटला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या घरात माणसं बाहेर. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली आणि तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले. आबा त्या वेळी विशीतले. संप लांबला तसे ते गावी गेले, शेतावर राबले, पण फुटले नाहीत. हे ते छाती पुढे काढून सांगायचे, आणि का सांगू नये?

पण याच संपात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला. साच्यांच्या खात्यात पगार चांगला, मग तिथे अस्पृश्य कामगार का नाही? त्याला कताईच्या खात्यातच का ठेवलं जातं? कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोरा तोंडाने ओढायचा असतो, आणि एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जातो. सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. साचे तीन झाले तर सगळ्यांनी मिळून लढायचं, पण एकाही अस्पृश्य कामगाराला साच्याला हात लावू द्यायचा नाही! बाबासाहेबांच्या आग्रहानंतर ही मागणी पुढाऱ्यांनी घेतली, तीही नाखुशीने. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत ते म्हणाले, कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. एका प्रश्नावर भांडायचं आणि दुसऱ्यावर खांद्याला खांदा लावायचा, हे त्यांना जमलं.

मी कॉलेजात असताना हे वाचलं आणि सुट्टीत आबांना विचारलं, “आबा, तुमच्या खात्यात होतं का हो असं?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून त्यांनी धोटा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

“होतं,” ते म्हणाले. “आमच्याच वाडीतला एक जण होता. संपात आम्ही एका गाडीने गावी गेलो, एका गाडीने परत आलो. त्याला साच्यावर यायचं होतं. मुकादमाने विचारलं तेव्हा आम्हीच नाही म्हटलं. मीपण.”

तो माणूस पुढे तीस-बत्तीस वर्षं त्याच गिरणीत होता. निवृत्त झाला तोही कताईतूनच.