साधे शब्द, वाक्यासकट

श्रोतेहो, नमस्कार. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द वाक्यात अचूक कसे योजावेत, याविषयी आज बोलायचे आहे. आपण अडखळतो ते बहुधा साध्या शब्दांपाशीच, कारण शब्दाचा अर्थ कळला की तो शब्द वापरताही येतो, असे आपण गृहीत धरतो.

ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाची एक हकीकत मला फार प्रिय आहे. जेम्स मरे हे शिक्षक होते आणि 1879 साली त्यांनी या कोशाच्या संपादनाची जबाबदारी स्वीकारली. त्याआधी सुमारे वीस वर्षे अनेक हौशी वाचक पुस्तके वाचत होते आणि एकेक शब्द, तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट, चिठ्ठीवर उतरवून पाठवत होते. ही चिठ्ठ्यांची पोती मरे यांच्या ताब्यात आली, तेव्हा एका पोत्यात मेलेला उंदीर आणि दुसऱ्यात उंदरांचे अख्खे कुटुंब निघाले. मरे यांनी बागेत लोखंडी पत्र्याची खोली उभारली, तिच्यात हजाराहून अधिक कप्पे केले आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ‘अब्यूजन’ या जुन्या, वापरातून गेलेल्या शब्दासाठी सुमारे 50 वाक्ये मिळाली होती. आणि ‘अब्यूज’ या नेहमीच्या शब्दासाठी पाचसुद्धा नव्हती! पुन्हा सांगतो: दुर्मीळ शब्दाला पन्नास, नेहमीच्या शब्दाला पाचही नाहीत. वाचकांची नजर अपरिचित शब्दावर थबके आणि ओळखीच्या शब्दावरून पुढे सरके. म्हणून मरे यांनी वाचकांना केलेल्या आवाहनात असेही सांगितले की, नेहमीच्या शब्दांचीही वाक्ये पाठवा, विशेषतः ज्यांत आजूबाजूच्या शब्दांमुळे त्या शब्दाचा अर्थ आणि वापर उघड होतो अशी. मरे 1915 साली वारले. कोश 1928 साली पुरा झाला, आणि त्यात चार लाखांहून अधिक शब्दांसाठी सुमारे 18 लाख अवतरणे आहेत.

मरे यांचे हे सांगणे आपल्यालाही लागू पडते. शब्द वाक्यासकट टिपावा. एकटा शब्द टिपू नये. मुलांना डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी यादी पाठ करायला लावण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, आणि उदाहरणाची वाक्ये नसलेला छोटा कोश विकत घेऊ नये, असेही माझे स्पष्ट मत आहे. अशा यादीत ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे एवढेच कळते. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही नकळत ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. बरोबर वाक्य आहे ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’. त्यात ‘अबाउट’ येत नाही. आपण डॉक्टरशी लग्न करतो, पण इंग्रजीत ‘शी मॅरीड अ डॉक्टर’ म्हणतात, ‘विथ’ न लावता. ‘एक्स्प्लेन’चे मात्र उलटे आहे. तिथे ‘टू’ हवाच: ‘प्लीज एक्स्प्लेन इट टू मी’.

सर्वांत जास्त घोटाळा ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा होतो, आणि त्याचे मूळ आपल्या ‘पासून’मध्ये आहे. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजी हे दोन वेगळे मानते. काळाचा आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’: ‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स मंडे’. काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर थ्री डेज’. आरंभ असेल तर सिन्स, लांबी असेल तर फॉर.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांतही असाच गोंधळ होतो. उसने देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’ करतो. ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ असे विचारावे, किंवा ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ असे. ही दोन्ही वाक्ये आजच वहीत शेजारी शेजारी लिहून मोठ्याने म्हणा, आणि उद्या वर्तमानपत्र वाचताना ‘सिन्स’ व ‘फॉर’ यांची वाक्ये जशी सापडतील तशी त्यांच्याखाली उतरवत जा. नमस्कार.