भाण डोंगरावरच राहिले

(दृश्य: सकाळ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला डोंगर, काजूखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, सडा.)

फेणीसाठी, म्हणजे काजूच्या दारूसाठी, हे सगळे आपोआप गळलेले बोंडू. तोडून काढलेला बोंडू तुरट, गोडी कमी, म्हणून दारूही कमी उतरते. पिरगळून बी काढली की त्याच दिवशी मळून रस काढायचा. रात्रभर राहिला तर आंबूस वास बाटलीपर्यंत जातो.

मागणी वाढली तशी फेणी बनवणाऱ्या कंपनीने खाली औद्योगिक वसाहतीत शेड घेतली. लेबलवर मात्र छापलेले आहे: साखर नाही, पाणी नाही, बाहेरचे यीस्ट नाही. हा शब्द पाळायचा तर काय खाली न्यायचे, ते रसच ठरवतो.

(दृश्य: पिंपात फसफसणारा रस.)

सालीवरच्या यीस्टनेच तो आंबतो, साधारण तीन दिवसांत. झाकण सैल ठेवतात. घट्ट झाकणाचा कॅन टेम्पोत घातला, तर चढण उतरेपर्यंत टम्म फुगतो. त्यामुळे मळणी, आंबवण आणि भट्टी वरच राहिली.

(दृश्य: तांब्याचे भाण, म्हणजे आंबलेला रस उकळायचे भांडे, खाली लाकडाचा जाळ.)

जाळ मंद हवा. घाई केली की फेस उसळून नळीत चढतो, नाहीतर तळ करपतो. करपट वास मग निघत नाही. पहिल्यांदा मिळतो तो हुर्राक, 15 ग्रावच्या आसपास. ग्राव हे दारूच्या कडकपणाचे माप. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की 19-20 ग्रावची फेणी.

वाढीसाठी शेजारी त्याच मापाचे दुसरे भाण मांडले. फार मोठ्या भाणाला आच सारखी लागत नाही. अडले ते पाण्याशी. दोन नळ्यांनी वाफ थंड करायच्या टाकीतले वरचे पाणी तापले आणि वाफ न थिजताच निसटू लागली. आता झऱ्याचे थंड पाणी तळाशी सोडतात, गरम वरच्या तोंडातून वाहून जाते. झरा आटू लागला की दिवसाच्या खेपा यावरच ठरतात.

मळणीला यंत्र आले. पायांनी बोंडू मळणारे यंदा दुसरीकडे कामाला गेले.

(दृश्य: शेड. काचेचे गराफांव, म्हणजे साठवणीच्या मोठ्या बाटल्या.)

इथे फक्त साठवण आणि भरणी. अबकारी परवाना जागेवर असतो, तेव्हा नवी जागा मंजूर होईपर्यंत भरणी थांबते. फेणी उंच काचनळीत ओततात, ग्राव मोजायची कांडी सोडतात. ती डुलते, थांबते. ग्राव कमी भरले, तर ती खेप पुन्हा डोंगरावर, भाणात.