मेलमधली मराठी नेमकी कुठे बिघडते?

मित्रहो, हा विषय सोलापुरात मांडायला मला विशेष आवडतं. इथल्या पेढीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रोज कानावर पडतात, आणि त्या मेलमध्येही उतरतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, चालणाऱ्या मटसारख्या मेल वाचायच्या प्रोग्रामात असं एखादं पत्र उघडावं, तर कधीकधी मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चार टोकांचं गोल चिन्ह, अशी जोडी पानभर दिसते. लगेच कुणीतरी म्हणतं, 'मेल करप्ट झाला.' बहुतेक वेळा मेल शाबूत असतो.

'सोलापूर'मधला 'स' घ्या. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं आकड्यांत साठवायच्या आजच्या पद्धतीत, तो तीन बाइटचा आहे: २२४, १६४, १८४. हेच आकडे कुणी जुन्या पाश्चात्त्य तक्त्यानुसार, म्हणजे लॅटिन-१ म्हणून वाचले, तर २२४ म्हणजे तो रेघवाला ए आणि १६४ म्हणजे ते गोल चिन्ह. बाइट तेच, फक्त हेडरमधलं, म्हणजे पत्राच्या वरच्या माहितीतलं, कॅरसेट (अक्षरांच्या तक्त्याचं नाव) चुकलंय किंवा लिहिलेलंच नाही. मटमध्ये पत्र उघडं असताना कंट्रोल-ई दाबा, कॅरसेट यूटीएफ-८ करा, मराठी समोर येते. कॅरसेट न लिहिता पाठवणारे नेहमीचेच असतील, तर 'अझ्यूम्ड कॅरसेट' ही सेटिंग एकदा करून ठेवावी.

एचटीएमएलची, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या मेलची, गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मट स्वतः एचटीएमएल रंगवत नाही. कोणता भाग कोणत्या प्रोग्रामनं उघडायचा ते सांगणाऱ्या मेलकॅप फाइलमध्ये बघून तो हा भाग लिंक्स (Lynx) किंवा डब्ल्यूथ्रीएम (w3m) या टर्मिनलमधल्या ब्राउझरकडे सोपवतो आणि त्यांनी काढलेला साधा मजकूर दाखवतो. इथे एक खाच आहे. सोपवताना मट कॅरसेट बदलून देत नाही, बाइट जसेच्या तसे पुढे जातात. म्हणून मेलकॅपच्या ओळीत टक्केचिन्ह आणि महिरपी कंसात कॅरसेट लिहून ती माहिती पुढच्या प्रोग्रामला द्यावीच लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या कितीतरी नमुना ओळींत एवढाच तुकडा नसतो, आणि इंग्रजी मेल व्यवस्थित दिसत असल्यामुळे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हींत मी लिंक्स सुचवेन. तो मजकुराखाली सगळ्या दुव्यांचे खरे पत्ते क्रमांकानं छापतो. बँकेच्या नावानं आलेल्या पत्रात बटणामागचा पत्ता भलत्याच ठिकाणचा असेल, तर तो इथे उघडा पडतो.

मेलच्या विषयाच्या ओळीचे (सब्जेक्टचे) नियम वेगळे. तिथे अक्षरं सांकेतिक तुकड्यांत भरतात. एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही, आणि एक अक्षर दोन तुकड्यांत तोडायचं नाही असा स्पष्ट नियम आहे. घाऊक मेल पाठवणारी काही सॉफ्टवेअर बाइट मोजून कापतात. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, त्यामुळे तिथे निभावून जातं. देवनागरी, कन्नड, तेलुगू अक्षराला तीन बाइट, उर्दूला दोन. कात्री मध्येच बसली की प्रश्नचिन्हं उमटतात, आणि ती दुरुस्ती वाचणाऱ्याच्या हातात नसते. पाठवणाऱ्यालाच कळवावं लागतं.

आता जुन्या डीटीपी (छपाईच्या मांडणीच्या) फाँटमधला, म्हणजे युनिकोडआधीच्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या फाँटमधला मजकूर. कॅरसेट कितीही बदला, हा सुधारणार नाही. त्यात साठवलेली अक्षरं मुळात रोमनच असतात, फक्त फाँट त्यांना मराठी आकार चढवतो. एचटीएमएलमधलं फाँटचं नाव टर्मिनलमध्ये गळून पडतं आणि खालची रोमन खिचडी दिसते. त्यासाठी त्या त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. श्रीलिपीचा कन्व्हर्टर कृतिदेवला चालत नाही. तेव्हा आधी पत्राचा उलगडलेला मजकूर बघा: बाइट दोनशे चोवीसनं सुरू होतात, म्हणजे तो रेघवाला ए वारंवार दिसतो, की नुसतीच रोमन अक्षरं आहेत? कंट्रोल-ई दाबायचं की कन्व्हर्टर शोधायचा, ते त्यावरून ठरतं.