पहिली ड्युटी

(दृश्य: दिंडोरी रोड, म्हसरूळ. विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

राज्यभरातल्या बी.एस्सी. नर्सिंगचे निकाल इथून, नाशिकहून लागतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना 1998 ची. चार वर्षांचा अभ्यास झाला, मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली, की मुलगी कायद्याने नर्स होते. वॉर्डात मात्र औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, इथपासून तिला विचारावं लागतं.

(दृश्य: मेडिसिन वॉर्ड. पाळी बदलतेय.)

कॉलेजात एक-दोन पेशंट वाट्याला यायचे आणि मागे ट्यूटर उभ्या असायच्या. इथे ओव्हर घेतली, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेतले, की अख्खी रांग तिची. सात नंबरचं सलाइन संपत आलंय. नऊ नंबरचे नातेवाईक डिस्चार्जसाठी अडून बसलेत. डॉक्टरांचा राउंड सुरू झालाय, आणि मावशी विचारतात, "सिस्टर, एक्स-रेला कुणाला न्यायचं?"

शिकलेलं आणि समोर दिसणारं यातल्या तफावतीने नव्या नर्स नोकरी सोडतात, हे अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी पहिला दिवस ओळखपत्र, पंचिंग मशीन आणि स्लाइड शो यातच जातो. तेही लागतंच म्हणा.

(दृश्य: सलाइनचा ड्रिप चेंबर, जवळून. शेजारी मनगटी घड्याळ.)

अर्धा लिटर सलाइन चार तासांत द्यायचंय. सेट मिलीला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. हे गणित तिने परीक्षेत सोडवलेलं असतं. पण पेशंटने हात दुमडला की थेंब मंदावतात, हे सिनिअर सिस्टर शेजारी उभं राहून दाखवतात. पोटॅशियमची अँप्यूल तिच्या हातात आली तर त्या पहिल्यांदा तिला थांबवतात: "हे थेट शिरेत कधीच नाही. सलाइनमध्ये मिसळायचं, आणि दुसरीला दाखवूनच लावायचं."

(दृश्य: नर्सिंग स्टेशन. रात्र. फोन.)

सगळ्यात अवघड काम म्हणजे डॉक्टरांना झोपेतून उठवणं. नवी मुलगी चाचरत म्हणते, "सर, पेशंट बरा वाटत नाहीये." पलीकडून उत्तर येतं, "बघा, सकाळी येतो."

म्हणून फोनचाही सराव करून घेतात. आधी केसपेपर समोर, मग नंबर फिरवायचा. "सर, बेड सात, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. बीपी 84/50, नाडी 124, गेल्या तासात लघवी फक्त 10 मिली. आतून रक्तस्राव होत असेल असं वाटतंय. तुम्ही लगेच येऊन बघा." शेवटचं वाक्य बोलताना बहुतेकींचा आवाज खाली येतो. सिस्टर तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायला लावतात.

(दृश्य: पेठ-सुरगाण्याकडून आलेली एसटी. रुग्णालयाचं आवार.)

पाड्यावरून आलेली आजी इंजेक्शनला हात पुढे करत नाही. तिच्याच भागातली नवी सिस्टर दोन शब्द तिच्या बोलीत बोलते आणि काम होतं. इथे सिनिअर सिस्टरच तिच्याकडून शिकतात.

पण शिकवायला वेळ कुठून आणायचा? सिनिअरच्या वाट्याचे पेशंट तेवढेच ठेवून "हिलाही बघा" म्हटलं, तर दोघींचीही ओढाताण होते. शिकवणाऱ्या सिस्टरचे दोन-चार बेड दुसरीकडे द्यावे लागतात, आणि ते ड्युटी चार्टवर दिसावं लागतं. 2027 च्या सिंहस्थात नाशिकच्या कॅज्युअल्टींवर गर्दी लोटेल तेव्हा उभ्या राहणाऱ्या काही मुली आत्ता पहिल्या ड्युटीवर आहेत. त्यांच्या शेजारी कोण उभं राहणार, ते पुढच्या महिन्याच्या चार्टमध्येच लिहावं लागेल.