सहाशे एक्केचाळीसचा छडा

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक संख्या लिहून घ्या. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अंकांत ४२९४९६७२९७. बत्तीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला आणि वर एक मिळवला, की ही संख्या येते.

ती मूळ संख्या आहे का? शेवटी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ सुद्धा बाद. पण पुढे काय?

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४०च्या सुमारास दोनाचे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेतले, प्रत्येकात एक मिळवला. आल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ! पुढच्याही तशाच असणार, असं त्याला वाटलं. सिद्धता मात्र हाती नव्हती, आणि तसं त्याने पत्रांत लिहिलंही. पुढचा घात ३२, म्हणजेच आपली संख्या.

सरळ तपासायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत ६५४२. हाताने करायचं म्हणजे घाम फुटेल!

ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ मध्ये उत्तर दिलं: ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७००४१७. तोही मूळच. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. ही चाळणी लावली की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांऐवजी पाचवाच भागाकार!

आणि तो भागाकार तरी कशाला करायचा? ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी उणे एक धरा. चौथा घात घेतला की बाकी अधिक एक. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. आता ६२५ हे ६४१ ला सोळाने कमी, म्हणून त्याच्या जागी उणे सोळा लिहा. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार बत्तीस. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवा, बाकी शून्य. मला विचाराल तर एवढी देखणी सिद्धता इतक्या कमी सामानात क्वचितच होते.

एकोणिसाव्या शतकात ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने चाळणी आणखी बारीक केली: ६४ च्या जागी १२८. मग ६४१ पर्यंत दोनच मूळ संख्या उरतात, २५७ आणि ६४१. त्यातली २५७ फर्माच्याच माळेतली, आणि त्या माळेतल्या कुठल्याही दोन संख्यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नसतो. म्हणजे तीही बाद. पहिलाच भागाकार ६४१ ने, आणि बाकी शून्य.