खिडकी उघडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात माझी भाची सांगलीहून मुंबईला आली. पहिलीच नोकरी, ऑफिस अंधेरी पूर्वेला चकाल्यात, हातात येणारा पगार ४२,००० रुपये. पंधरा दिवस ती माझ्याकडे मुलुंडला राहिली. कायमची राहिली असती तर मला आवडलं असतं, पण माझं घर दोन खोल्यांचं आणि त्यातल्या एका खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा जागा शोधायला आम्ही दोघी निघालो.

पहिलीच जागा चौथ्या मजल्यावरची, वन आरके. एजंटने कुलूप काढलं आणि दिवा-पंखा काही न लावता सरळ जाऊन खिडकी उघडली. बाहेर लालबुंद फुललेला गुलमोहर. भाचीने माझा हात घट्ट धरला. भाडं २२,०००, डिपॉझिट एक लाख. "मॅडम, आज टोकन दिलंत तर मी मालकाशी बोलतो, संध्याकाळी अजून दोन पार्ट्या येतायत," एजंट म्हणाला. त्या दोन पार्ट्या मी १९९४ पासून ओळखते. मी कॉट बेसिसवर, म्हणजे दुसऱ्याच्या घरात एका कॉटपुरती, जागा शोधत होते तेव्हाही त्या संध्याकाळीच यायच्या!

भाची हळूच म्हणाली, "आत्या, परवडेल ना गं एवढं?"

मला त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. तो आम्ही चुकीच्या जागी विचारत होतो, गुलमोहरासमोर उभं राहून. घर मनात भरलं की माणूस आकडे घराच्या बाजूने फिरवायला लागतो. डबा बंद करू, गावी कमी जाऊ, पुढच्या वर्षी पगार वाढेलच. भाड्याचा आकडा ठरवायचा तो जागा बघायला बाहेर पडण्याआधी, आपल्या स्वयंपाकघरात बसून.

पण ठरवायचा कसा? भाचीच्या ऑफिसातल्या मुलींनी सांगितलं होतं, पगाराच्या ३० टक्के. हा नियम हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याचं मूळ मुंबईत नाही. अमेरिकेत १९६९ साली कायदा झाला, की सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. १९८१ मध्ये त्याचे ३० टक्के झाले. म्हणजे तिकडच्या गोरगरिबांसाठी सरकारने घातलेली ती मर्यादा. ती आपण अंधेरीच्या एजंटपुढे घेऊन जातो, आणि तो हसतो. शिवाय दीड लाख पगाराच्या माणसाने ४५ टक्के भाड्यात घातले तरी त्याच्याकडे ८२,५०० उरतात. २५,००० पगाराच्या माणसाचे ३० टक्के गेले तर उरलेल्या साडेसतरात त्याने घरी काय पाठवायचं आणि स्वतः काय खायचं?

दुसरी सवय म्हणजे ओळखीच्यांना विचारणं, "तुम्ही किती भरता?" मुंबईत यासारखा निरुपयोगी प्रश्न नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने इथली जुनी भाडी जवळजवळ गोठवली. त्यामुळे गिरगावात पागडीच्या, म्हणजे पूर्वी मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीत राहणाऱ्या आजी महिन्याला काही शे रुपये भरतात आणि शेजारच्या नव्या टॉवरमध्ये त्यांच्या नातवाच्या वयाचा मुलगा त्याच्या कितीतरी पट.

त्या रात्री आम्ही एका लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट घेऊन बसलो. वरती ४२,००० लिहिले आणि भाडं सोडून बाकीचं सगळं आधी वजा करायला लागलो. घरी आईला ५,०००. भावाची फी तिनेच अंगावर घेतली आहे. पोस्टात आरडी ४,०००. सकाळ-संध्याकाळचं खाणं, डबा धरून ८,०००. जाणं-येणं २,०००. लाइट बिल, गॅस, मोबाइल, वायफाय, अडीच हजार. कपडे, औषधं, एखादा सिनेमा, ३,०००. सांगलीला जाण्यासाठी दर महिन्याला बाजूला दीड हजार. बेरीज २६,०००. उरले १६,०००.

हा तिचा आकडा. टक्क्यांत ३८ भरतात, म्हणजे नियम मोडला. पण आईला पैसे जातात, आरडी भरली जाते आणि पोट भरतं. गुलमोहराच्या खोलीत दर महिन्याला ६,००० कमी पडले असते. ते कुठून आले असते? आधी आरडीतून, मग क्रेडिट कार्डावरून.

१९९४ मध्ये मी नेमकं हेच केलं होतं. कॉटचा कंटाळा आला म्हणून बोरिवलीत स्वतंत्र खोली घेतली, अर्ध्याहून जास्त पगार भाड्यात. आठ महिने रात्री मुगाची खिचडी खाल्ली आणि आईला पत्रात "मजेत आहे" असं कळवत राहिले. सोडताना मालकांनी रंगकामाच्या नावाखाली निम्मं डिपॉझिट कापून घेतलं. करारात तसं कलम होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. म्हणून भाचीला सांगितलं, राहायला जाशील त्या दिवशी सामान लावण्याआधी भिंतींचे फोटो काढ.

दरमहाचा आकडा जमला तरी उंबरठ्यावरचा खर्च वेगळा असतो. त्या वन आरकेचं डिपॉझिट एक लाख, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, वर पहिल्या महिन्याचं भाडं. पहिला पगार हातात पडायच्या आत १,४४,०००. भाचीकडे साठ हजार होते. एजंटने मग हेवी डिपॉझिट सुचवलं, म्हणजे मालकाला काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र. मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. मालकाने ती रक्कम धंद्यात घातली आणि धंदा बुडाला, तर वसूल कुठून करणार?

मग स्वस्त म्हणून डोंबिवली? तिथे साधारण १३,००० मध्ये अख्खा वन बीएचके मिळत होता. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दीड तास, म्हणजे रोजचे तीन. महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६ तास. आठ तासांच्या पाळीने मोजलं तर महिन्यातले आठ दिवस ती फुकट कामाला, तेही सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारात लटकून. घरात लहान मूल असतं, आई-वडील सोबत असते, तर मीच डोंबिवली म्हटलं असतं. तिथल्या दोन खोल्या, शाळा, भाजीबाजार यांचं मोल त्या ६६ तासांहून जास्त. एकटीला नाही.

टॅक्स वाचतो म्हणून जास्त भाडं भर, असंही तिला कुणी सांगितलं होतं. घरभाडे भत्त्याची ती सवलत जुन्या कररचनेत आहे, नव्या रचनेत नाही. एवढ्या पगाराला नव्या रचनेत मुळात करच लागत नाही, तर वाचवणार काय?

शेवटी मरोळला टू बीएचकेमध्ये तिघींत एक जागा मिळाली, वाट्याला १५,०००. त्याआधी दोन सोसायट्यांनी "बॅचलर मुली नकोत" म्हणून दारातूनच परत पाठवलं. एक मालकीणबाई तयार होत्या, पण दोन हजार जास्त आणि अंडंसुद्धा चालणार नाही. मुंबईत एकट्या मुलीला हा वरचा कर भरावा लागतो, आणि तो कुठल्याच टक्क्यात बसत नाही.

मरोळचे मालक म्हणाले, अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला? हा गैरसमज फार पसरलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा ऐकवलं. चौथ्या दिवशी करार नोंदला गेला.

ते पाकीट आता मरोळच्या फ्रिजवर लावलेलं आहे. मागच्या आठवड्यात भाचीला त्या पहिल्या एजंटचा फोन आला. गुलमोहराची खोली अजून रिकामीच होती, मालक आता २०,००० वर आले होते. भाचीने त्याला विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा येऊन व्ह्यू तर बघा."